गाडी मोडली, नाव राहिले

अब्बांच्या नावाचे दोन दाखले माझ्याकडे आहेत. एक नगरपालिकेचा, मृत्यूचा, 2006 सालचा. दुसरा त्यांच्या राजदूत मोटारसायकलची नोंदणी रद्द झाल्याचा, 2012 सालचा. माणूस गेल्यावर सहा वर्षांनी त्याची गाडी सरकारदरबारी मेली. या सहा वर्षांत एका निरपराध मुलाला पोलीस ठाण्यात एक रात्र काढावी लागली, आणि त्यात माझी चूक होती. म्हणून हा लेख.

अब्बा उर्दू प्राथमिक शाळेत शिक्षक होते. 1981 साली त्यांनी जुनी राजदूत 175 घेतली. ही गाडी एस्कॉर्ट्स कंपनीने 1962 च्या सुमारास पोलंडच्या एका मोटारसायकलच्या धर्तीवर बनवायला सुरुवात केली होती. बैलगाडीच्या रस्त्यावरही चालायची, म्हणून खेड्यांत तिला मान होता. दूधवाले, शिक्षक, कंपाउंडर, लहान शेतकरी, सगळे राजदूतवर दिसायचे. अब्बांच्या गाडीचा नंबर जुन्या पद्धतीचा, म अक्षरापासून सुरू होणारी तीन अक्षरे आणि पुढे आकडे असा होता. आज आपण एमएच 15, एमएच 41 असे जे नंबर बघतो, ते 1988 चा मोटार वाहन कायदा 1 जुलै 1989 पासून लागू झाला, त्या काळात आले.

अब्बांच्या इन्तकालानंतर गाडी अंगणात तीन वर्षे उभी होती. अम्मीला ती नजरेसमोर असावी असे वाटायचे. पुढे टाकी गंजली, सीटमध्ये उंदरांनी घर केले, आणि 2009 मध्ये मी ती भंगारवाल्याला विकली. सौदा वजनावर झाला. पैसे हातात आले, गाडी हातगाडीवर गेली. आरसी बुक पेटीत राहिले. त्यानेही मागितले नाही, मीही दिले नाही. मनात म्हटले, आठवण म्हणून राहू दे.

2012 मध्ये एका रात्री माझ्या जुन्या विद्यार्थ्याचा भाऊ दारात आला. "सर, वो अब्बा के राजदूत की किताब है क्या?" एवढेच विचारले. तो विद्यार्थी गॅरेजमध्ये काम करत होता. एका शेतकऱ्याच्या राजदूतचे इंजिन फुटले, म्हणून त्याने भंगारातून दुसरे इंजिन आणून बसवले. ते आमच्या गाडीचे होते. नाकाबंदीत गाडी अडवली गेली, पुस्तकातला इंजिन क्रमांक आणि इंजिनावर कोरलेला क्रमांक जुळेना. गाडी जप्त झाली. शेतकऱ्याने मिस्त्रीचे नाव सांगितले, मिस्त्रीने भंगारवाल्याचे, आणि भंगारवाला म्हणाला, मला काही आठवत नाही. पावती कोणाकडेच नव्हती. पोरगा ठाण्यात बसून होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुस्तक घेऊन गेलो. क्रमांक जुळला, चोरीचा संशय फिटला, दुपारी त्याला सोडले. पण समोरच्या अधिकाऱ्याने मला जे विचारले ते आजही कानात आहे. "मास्तर, मालक वारले 2006 ला. तुम्ही गाडी विकली 2009 ला. कोणत्या हक्काने? आणि गाडी मोडली हे कळवले का नाही?" मुलांना अर्ज लिहायला शिकवणाऱ्या माझ्याकडे उत्तर नव्हते. तेव्हापासून हा विषय मी वाचत आलो.

गाडीला नंबर देण्याची कल्पना सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. 14 ऑगस्ट 1893 रोजी पॅरिसच्या पोलिसांनी हुकूम काढला की मोटारगाडीवर मालकाचे नाव, पत्ता आणि परवान्याचा क्रमांक असलेली धातूची पट्टी असावी. म्हणजे मुळात ती पट्टी माणसाच्या नावाची होती. गाड्या वाढल्या, नाव-पत्ता पट्टीवर मावेना, म्हणून नाव वहीत गेले आणि पट्टीवर फक्त क्रमांक उरला. ब्रिटनमध्ये 1903 चा कायदा झाला आणि 1 जानेवारी 1904 पासून नोंदणी सक्तीची झाली. आपल्याकडे आधी प्रांतांचे आपापले नियम होते. 1914 साली सबंध ब्रिटिश हिंदुस्थानसाठी पहिला मोटार वाहन कायदा आला, 1939 मध्ये त्याची जागा मोठ्या कायद्याने घेतली, आणि आजचा कायदा 1988 चा आहे.

या कायद्यात 'मालक' या शब्दाची व्याख्या आहे. ज्याच्या नावावर वाहन नोंदलेले आहे तो मालक. गाडी कोण चालवतो, पैसे कोणी दिले, अंगणात कोणाच्या उभी आहे, हे सगळे नंतर. कर्जावरची गाडी आणि अज्ञान मुलाच्या नावावरची गाडी असे काही अपवाद आहेत, पण बाकी सगळीकडे वहीतले नाव बोलते.

आता मोडण्याचा भाग. कलम 55 सांगते की वाहन नष्ट झाले किंवा कायमचे निकामी झाले, तर मालकाने 14 दिवसांत, किंवा शक्य तितक्या लवकर, नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवावे आणि नोंदणी प्रमाणपत्र परत पाठवावे. मूळ नोंदणी दुसऱ्या कार्यालयात असेल तर ते कागद तिकडे जातात आणि नोंद तिथे रद्द होते. 1939 च्या कायद्यातही नोंदणी रद्द करण्याची तरतूद होती. म्हणजे हा काही कालपरवाचा नियम नाही. अब्बांनी गाडी घेतली तेव्हाही तो होता, फक्त आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हता.

अनेकांचा एक गैरसमज असतो, माझाही होता. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. नूतनीकरण केले नाही की नोंद आपोआप संपते, असे आपण धरून चालतो. तसे होत नाही. मुदत संपलेली गाडी रस्त्यावर चालवता येत नाही, पण वहीत तिच्यापुढे तुमचे नाव तसेच राहते. मुदत संपणे वेगळे, नोंद रद्द होणे वेगळे.

मोटारसायकलची ओळख तीन ठिकाणी असते. जुन्या पद्धतीची नंबर प्लेट दोन स्क्रूंवर असायची, पान्याने निघायची. इंजिनावर क्रमांक असतो, पण इंजिन एका गाडीतून दुसरीत जाते. त्यासाठीही नियम आहे: इंजिन बदलले तर 14 दिवसांत कळवून पुस्तकात तशी नोंद करून घ्यायची. आमच्या शेतकऱ्याने हेच केले असते तर नाकाबंदीत काही झाले नसते. तिसरी जागा चॅसीची. बहुतेक मोटारसायकलींवर हँडलच्या मानेजवळ, सांगाड्याच्या लोखंडातच क्रमांक ठोकलेला असतो. आरटीओत त्यावर कागद धरून पेन्सिल घासतात आणि ठसा घेतात, तो याचाच. सांगाडा हीच गाडीची खरी जात आणि कूळ. म्हणून चोर सर्वांत आधी तोच क्रमांक घासतो. पण लोखंडात ठोकलेला आकडा वरून घासला तरी खालचे लोखंड दबलेले असते. प्रयोगशाळेत पृष्ठभाग गुळगुळीत करून त्यावर रसायन लावले, तर पुष्कळदा तो पुन्हा उमटतो. पुष्कळदा, नेहमी नाही.

या 'नेहमी नाही'ची किंमत आपल्या महाराष्ट्राला चांगली माहीत आहे. दोन घटना सांगतो.

12 मार्च 1993 रोजी मुंबईत साखळी बॉम्बस्फोट झाले आणि अडीचशेहून अधिक माणसे गेली. तपासाचा पहिला मोठा धागा मिळाला तो वरळीला टाकून दिलेल्या एका मारुती व्हॅनमुळे. तिच्या नोंदणीवरून पोलीस माहीमच्या मेमन कुटुंबापर्यंत पोहोचले. गाडी टाकून पळणाऱ्यांना वहीतले नाव टाकून देता आले नाही.

29 सप्टेंबर 2008. रमजानचा महिना. मालेगावच्या भिक्कू चौकात स्फोट झाला, सहा जणांचा जीव गेला, शंभराच्या आसपास जखमी झाले. तिथे एलएमएल फ्रीडम मोटारसायकल सापडली आणि तिचे क्रमांक खोडलेले होते. तपास त्या क्रमांकांभोवती फिरला, सरकार पक्षाची मोठी भिस्त त्यांच्यावर होती. 31 जुलै 2025 रोजी विशेष न्यायालयाने सातही आरोपींना निर्दोष सोडले. स्फोट झाला हे सिद्ध झाले, पण बॉम्ब त्याच मोटारसायकलमध्ये होता हे सिद्ध झाले नाही. चॅसीचा क्रमांक पूर्णपणे परत मिळालेला नव्हता आणि गाडीची मालकी पुराव्याने ठरली नाही, असे न्यायालयाने म्हटले. निकालावर प्रत्येकाचे मत असेल, ते असू दे. मी शिक्षक आहे, मला यात एक साधी गोष्ट दिसते. सहा घरांना सतरा वर्षांनीही कळले नाही की आपल्या माणसाला कोणी मारले. लोखंडावरचे काही आकडे नीट वाचता आले असते तर उत्तर कुठल्याही बाजूचे आले असते, पण आले असते.

दोन्ही घटना मुद्दाम शेजारी ठेवल्या. एकीत संशयित एका समाजाचे होते, दुसरीत दुसऱ्या. आकड्याला धर्म नसतो. तो जिवंत असला तर खऱ्याकडे नेतो, मेला तर सगळ्यांना अंधारात सोडतो.

आता आपल्या घरचे बोलू. भंगार, गॅरेज, सुट्या भागांचा जुना बाजार, या धंद्यांत आपल्या समाजाची माणसे मोठ्या संख्येने आहेत. मुंबईच्या चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटपासून तालुक्याच्या गावातल्या टपरीपर्यंत हे दिसते. यामागे कारणेही आहेत. भांडवल कमी लागते, शिक्षणाचा दाखला कोणी मागत नाही, उस्तादाच्या हाताखाली पोरगे तयार होते. टाकाऊ लोखंडातून चालणारी गाडी उभी करणे हे हुन्नर आहे, त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण हाच धंदा संशयाच्या सर्वांत जवळ असतो. मेरठच्या सोतीगंजचे उदाहरण ताजे आहे. गाड्या मोडून सुटे भाग विकण्यासाठी हा बाजार देशभर ओळखला जात होता. चोरीच्या गाड्या तिथे कापल्या जातात असा आरोप वर्षानुवर्षे होता, आणि डिसेंबर 2021 मध्ये पोलिसांच्या कारवाईने बाजार बंद पडला. अशा वेळी चोरीचा माल विकणारा आणि इमानदारीने जुना माल विकणारा यांच्यात फरक करणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे कागद. कागद नसेल तर दोघे एकाच रांगेत उभे राहतात. माझा विद्यार्थी त्या रात्री त्याच रांगेत होता.

विकणाऱ्यालाही सुटका नाही. नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये दिलेला निकाल प्रत्येक गाडीवाल्याने ऐकावा असा आहे. मूळ मालकाने 2007 मध्ये गाडी विकली. ती पुढे एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे गेली. 2009 मध्ये अपघात झाला. वहीत नाव मात्र पहिल्याचेच. न्यायालयाने सांगितले, कायद्याच्या नजरेत मालक तोच, भरपाईची जबाबदारी त्याचीच. अपघातात सापडलेल्या माणसाने मालकांच्या साखळीमागे धावत बसू नये, हे त्यामागचे कारण. विचार करा, भंगारात दिलेल्या तुमच्या गाडीचा सांगाडा कोणी जोडून रस्त्यावर आणला, तर नाव कोणाचे निघेल?

मी ही गोष्ट सांगतो तेव्हा काही जण म्हणतात, सर, हातोहात सौद्याला कशाला कागद? पैसे दिले, माल घेतला, झाले. त्यांना मी सूरह बकराच्या 282 व्या आयतीची आठवण देतो. कुरआनातली ही सर्वांत लांब आयत आहे, आणि ती व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. मुदतीचे देणे-घेणे लिहावे, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षी असावेत, रक्कम लहान असो की मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, असा तिचा आशय आहे. हातोहात होणाऱ्या व्यापाराला त्यात सवलत आहे, हे खरे. पण तिथेही सौद्याला साक्षी ठेवा असे सांगितले आहे. मी 2009 मध्ये लिहिलेही नाही आणि साक्षीही ठेवला नाही. नमाजाच्या वेळा पाळणारे आम्ही, या आयतीच्या बाबतीत मात्र किती बेफिकीर असतो!

भाषेच्या अंगाने पाहिले तर आणखी गंमत आहे. मराठीत या कामाचे जवळजवळ सगळे शब्द अरबी-फारसीतून आलेत. कागद, मालक, दाखला, जप्त, रद्द, जामीन, मुद्देमाल. आणि दस्तऐवज. फारसीत दस्त म्हणजे हात, आवेज म्हणजे लटकणे, धरून राहणे. ज्याला हाताने धरून राहता येते तो दस्तऐवज. बुडणाऱ्याला दोरी, तसा अडचणीत सापडलेल्याला कागद. हे शब्द रोज उच्चारणाऱ्या समाजाने त्यांचा अर्थ विसरावा, हे मला खटकते.

आता कामाचे सांगतो, कारण नुसत्या खंतीने काही होत नाही.

मालक वारले असतील तर वारसाने 30 दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवावे आणि तीन महिन्यांत गाडी आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करावा. गाडी मोडायचीच असली तरी आधी हे करणे सोयीचे पडते. गाडी कर्जावर घेतलेली असेल, तर कर्ज फिटले एवढे पुरत नाही. बँकेचा किंवा फायनान्सवाल्याचा बोजा पुस्तकातून उतरवून घ्यावा. थकलेला कर, न भरलेली चलने आधी बघून घ्यावीत.

संपूर्ण गाडी मोडण्यासाठी केंद्र सरकारने सप्टेंबर 2021 मध्ये वेगळे नियम काढले. त्यानुसार गाडी नोंदणीकृत भंगार केंद्रात द्यायची असते. ते केंद्र गाडी चोरीच्या यादीत नाही ना हे तपासते, गाडी जमा झाल्याचे प्रमाणपत्र देते, मोडल्यावर तसे प्रमाणपत्र देते, आणि चॅसी क्रमांकाचा तुकडा कापून वेगळा सांभाळून ठेवते. मला या नियमातली ही तुकड्याची गोष्ट सर्वांत शहाणपणाची वाटते. गाडी वितळली तरी तिचे नाव काही काळ हातात राहते. मात्र हे केंद्र प्रत्येक तालुक्यात नाही, आणि गल्लीतला भंगारवाला दारात येतो, रोख देतो. मोह तिथेच होतो. दोनचारशे रुपये जास्त मिळतील, पण नाव अडकून पडेल.

गॅरेजवाल्या पोरांसाठी वेगळे दोन शब्द. जुने इंजिन घेताना आधीच्या गाडीच्या पुस्तकाची झेरॉक्स आणि विकणाऱ्याच्या सहीची पावती घ्या. एक वही ठेवा. तारीख, कोणाकडून घेतले, इंजिनावरचा क्रमांक, कोणाच्या गाडीत बसवले. ओळीला पाच मिनिटे लागत नाहीत. गिऱ्हाइकाला सांगा की इंजिन बदलल्याची नोंद पुस्तकात करून घे. क्रमांक घासलेला सांगाडा किंवा इंजिन कितीही स्वस्त मिळाले तरी दुकानात आणू नका. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा गुन्हा आहे. आणि 'मला माहीत नव्हते' हे सिद्ध करायलाही शेवटी कागदच लागतो.

त्या दिवशी ठाण्यातून बाहेर पडलो आणि आठवड्याभरात अर्ज केला. अब्बांच्या मृत्यूचा दाखला, वारसांची संमती, माझे प्रतिज्ञापत्र, आणि सोबत ते आरसी बुक. खिडकीतल्या बाईंनी विचारले, "गाडी कुठे आहे?" मी म्हणालो, "इंजिन जप्त आहे, बाकीचे कुठे गेले ठाऊक नाही." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. दोन महिने आणि बऱ्याच खेपांनंतर नोंद रद्द झाली. पुस्तक परत मिळाले नाही, ते द्यावेच लागते. अम्मीला वाईट वाटेल म्हणून मी त्याची झेरॉक्स काढून ठेवली होती. त्यात अब्बांची सही आहे, उर्दू वळणाची, मराठी अक्षरांतली.

तो विद्यार्थी आता स्वतःचे गॅरेज चालवतो. मागच्या महिन्यात गाडीचे तेल बदलायला गेलो होतो. काउंटरवर लांबट, लाल पुठ्ठ्याची वही होती. मी सहज उघडली. इंजिन क्रमांक, तारीख, नाव, सही, सगळे ओळीने लिहिलेले. अक्षर काही सुधारलेले नाही. मी पहिल्यांदाच त्याला त्याबद्दल काही बोललो नाही.